मनूचा श्लोक, संसदेचं कलम आणि मिरगीवाल्यांचा बहिष्कार



मिरगी हा आंबेडकरी चळवळीचा विषय आहे का? निलंग्यात कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो. हा दवाखान्याचा विषय आहे, डॉक्टर बघतील, आपण ॲट्रॉसिटीच्या केसेस बघू, शिष्यवृत्तीचं बघू, गायरानाचं बघू, असं मित्र म्हणतात. ही कामं महत्त्वाचीच आहेत. पण मिरगीचा इतिहास वाचत गेलं की ओळखीचे शब्द भेटू लागतात. कुळ, सोयरीक, विटाळ, प्रवेशबंदी, बहिष्कार. मेंदूतल्या एका बिघाडाला हे शब्द कुणी चिकटवले आणि ते कुणी खरवडून काढले, हे या लेखात मांडायचं आहे.

आधी आजार काय आहे ते दोन वाक्यांत. मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी बोलतात. त्या संदेशांचा एकाएकी गोंधळ उडाला की झटका येतो, आणि असे झटके विनाकारण पुन्हा पुन्हा येऊ लागले की त्याला अपस्मार, मिरगी, फेफरं, आकडी म्हणतात. हा संसर्गजन्य नाही, वेड नाही, कुणाची करणी नाही.

मनूची यादी

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सहाव्या-सातव्या श्लोकात एक यादी आहे. गाई, धन, धान्य कितीही असलं तरी लग्नासाठी टाळावीत अशी दहा कुळं. संस्कार सोडलेलं कुळ, पुरुष संतती नसलेलं कुळ, वेद न शिकणारं कुळ, मूळव्याध, क्षय, कोड, कुष्ठ असलेलं कुळ. याच यादीत अपस्माराचं कुळ आहे.

इथे एक गोष्ट नीट बघा. मनू आजारी माणसाबद्दल बोलत नाही, त्याच्या कुळाबद्दल बोलतो. एकाला झटका आला की बहीण, भाऊ, पुतणी सगळ्यांची सोयरीक बंद. वेद न शिकणं आणि मिरगी येणं या दोन्ही गोष्टी एकाच रांगेत बसवल्या आहेत, कारण दोन्ही रक्ताला लागलेला डाग मानल्या आहेत. जन्मावर डाग ठेवायचा आणि लग्नाचं दार बंद करून तो डाग पुढच्या पिढीत टिकवायचा, ही जातीचीच रीत आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा हा श्लोकही त्याच आगीत गेला. पण जसा जातीचा विचार कागदासोबत जळला नाही, तसा हा विचारही जळला नाही.

गोऱ्यांचा मनू

हा रोग फक्त आपल्याच देशाचा आहे असं समजू नका. अमेरिकेत १९५६ पर्यंत १७ राज्यांत मिरगी असलेल्यांना लग्न करायला कायद्याने बंदी होती. अशी शेवटची बंदी उठायला १९८० उजाडलं. कित्येक राज्यांत त्यांची सक्तीने नसबंदी करण्याची तरतूद होती. १९७० च्या दशकापर्यंत तिथे झटके येणाऱ्या माणसाला हॉटेल, नाटकगृह, करमणुकीची ठिकाणं यांत प्रवेश नाकारणं बेकायदा नव्हतं.

हे वाचून काय आठवतं? आपल्या संविधानाचं १५ वं कलम आठवतं. दुकानं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव यांत कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही, हे आपण २६ जानेवारी १९५० पासून कायद्यात लिहून बसलो आहोत. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आपल्या आजोबांनी जे भोगलं, त्याच जातीची वागणूक अमेरिकेत मिरगीवाल्यांना हॉटेलाच्या दारात मिळत होती.

जर्मनीत तर नाझींनी जुलै १९३३ मध्ये सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यातल्या आजारांच्या यादीत आनुवंशिक मिरगी नाव घेऊन होती. वंश शुद्ध ठेवायचा, कमअस्सल रक्त पुढे जाऊ द्यायचं नाही, या विचाराला तेव्हा विज्ञान म्हणत. हेच विज्ञान दाखवून आपल्याकडचे काही सनातनी जातीचं समर्थन करत होते. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये बाबासाहेबांनी हा युक्तिवाद तपासून मोडीत काढला आहे. ती पानं आपल्यापैकी बहुतेकांनी जातीच्या अंगाने वाचली. ती मिरगीवाल्याच्या, अपंगाच्या बाजूनेही तितकीच उभी राहतात.

इंग्लंडने १९३७ मध्ये घटस्फोटाचा कायदा सुधारला. त्यात लग्न रद्द ठरवण्याच्या कारणांमध्ये ‘वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. हे शब्द लक्षात ठेवा. ते पुढे आपल्या संसदेत भेटणार आहेत.

बाबासाहेब गेले, आणि कलम आलं

हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी काय सोसलं ते वेगळं सांगायला नको. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या मोठ्या कारणांपैकी ते एक होतं. पुढे त्या बिलाचे तुकडे करून ते मंजूर झाले. त्यातला एक तुकडा म्हणजे १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्याच्या ५ व्या कलमात लग्नाच्या अटी आहेत. मूळ कायद्यात मतिमंद आणि वेडसर माणसाच्या लग्नाविरुद्ध अट होती. मिरगीचं नावही नव्हतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही नव्हतं.

मग १९७६ साल आलं. आणीबाणी चालू होती. संसदेने विवाह कायद्यात मोठी दुरुस्ती केली. त्या दुरुस्तीत चांगल्या गोष्टीही होत्या. परस्पर संमतीने घटस्फोट हिंदू विवाह कायद्यात तेव्हाच आला. पण त्याच दुरुस्तीने दोन्ही कायद्यांत एक अट घुसवली की वधू किंवा वराला वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येत नसावेत. शब्द जवळपास इंग्लंडच्या १९३७ च्या कायद्यातलेच. आणि गंमत अशी की इंग्लंडने स्वतः १९७१ मध्ये मिरगीचा उल्लेख काढून टाकला होता. साहेबांनी उकिरड्यावर टाकलेली वस्तू आपण पाच वर्षांनी उचलून आणली आणि लग्नाच्या कायद्यात बसवली.

परिणाम काय झाला? झटके लपवले किंवा न लपवले, लग्नानंतर नवरा किंवा बायको न्यायालयात जाऊन ते लग्न रद्द करून मागू शकत होते. कागदावर हा हक्क दोघांना सारखा होता. मराठवाड्यातल्या गावात तो कुणाच्या हाती पडला असेल हे सांगायची गरज नाही.

आता आपल्याशी थेट संबंध असलेला मुद्दा. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण हिंदू धर्म सोडला. २२ प्रतिज्ञा घेतल्या. पण हिंदू विवाह कायद्याचं दुसरं कलम सांगतं की हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे १९७६ पासून निलंग्याच्या बौद्धवाड्यातल्या, मिरगी असलेल्या मुलीच्या लग्नावर ही टांगती तलवार होती. मनूला जाळून बाहेर पडलेल्या समाजावर मनूचीच अट संसदेच्या शिक्क्यानिशी परत आली. त्या २३ वर्षांत आपल्या मोर्चांच्या मागण्यांत या अटीला जागा मिळाली नाही.

कलम काढलं कुणी?

यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९०९ मध्ये बुडापेस्ट शहरात डॉक्टरांनी एकत्र येऊन मिरगीविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली, इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी. ती डॉक्टरांची होती. संशोधन, औषधं, परिषदा हे तिचं काम. पण नोकरीवरून काढलेल्या माणसाचं, शाळेतून घरी पाठवलेल्या पोराचं काय? या प्रश्नांसाठी १९६१ मध्ये रोममध्ये दुसरी संघटना उभी राहिली, इंटरनॅशनल ब्यूरो फॉर एपिलेप्सी. तिच्यात रुग्ण आले, आई-बाप आले, समाजकार्यकर्ते आले.

या दोन तारखांमधलं अंतर आपल्याला कळण्यासारखं आहे. आपल्या दुखण्यावर दुसऱ्या कुणीतरी कितीही कळवळ्याने बोललं तरी ते पुरत नाही. १९३० च्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या वतीने अस्पृश्यच बोलेल, हा बाबासाहेबांचा आग्रह होता. मिरगीच्या चळवळीला हे समजायला ५२ वर्षं लागली. समजलं तेव्हा चळवळीचा विषय गोळीवरून माणसावर आला.

भारतात १९७० मध्ये इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झाली. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. एडी भरूचा तिच्या संस्थापकांपैकी एक. १९८९ मध्ये मिरगीची जागतिक परिषद दिल्लीत भरली. जगभरचे तज्ज्ञ ज्या देशात जमले, त्याच देशाच्या कायद्यात मिरगीवाल्याचं लग्न रद्द होऊ शकत होतं. असोसिएशनने ही अट काढण्यासाठी पाठपुरावा केला. बाहेरूनही जोर आला. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि वरच्या दोन्ही आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून मिरगीला अंधारातून उजेडात आणण्याची जागतिक मोहीम सुरू केली. अखेर डिसेंबर १९९९ मध्ये संसदेने दोन्ही विवाह कायद्यांतून मिरगीचे शब्द वगळले.

शब्द काढले दोनच. पण ते काढायला संघटना लागली, वर्षं लागली, जगाचा पाठिंबा लागला. आपल्याला हे नवीन नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपण १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं दिली आहेत. शब्दांची किंमत मराठवाड्याच्या आंबेडकरी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही.

महाराष्ट्रातही आधारगटांचं काम उभं राहिलं. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी २००४ मध्ये ‘संवेदना’ सुरू केली. स्वतः मिरगी सोसलेल्या बाईने सुरू केलेला हा गट. आजार न लपवता लग्न जुळवण्याचं कामही या गटाने हाती घेतलं. कायद्याने दार उघडलं तरी आत जाताना कुणीतरी हात धरावा लागतो, हे त्यांना कळलं होतं.

जगाच्या पातळीवर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मिरगीवर ठराव केला. २०२२ मध्ये २०३१ पर्यंतचा कृती आराखडा मंजूर झाला. त्यात तीन आकडे आहेत. मिरगी असलेल्या ९० टक्के लोकांना आपला आजार मेंदूचा आहे आणि त्यावर उपचार होऊ शकतात हे कळावं. ८० टक्क्यांना परवडणारं, सुरक्षित औषध मिळावं. औषध घेणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत.

निलंग्यात १९९९ अजून यायचं आहे

आता हे आकडे घेऊन गावात या. जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि उपचार झाले तर दर १० पैकी ७ जण झटक्यांशिवाय जगू शकतात. फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. ही महागडी औषधं नाहीत. मग अडतं कुठे?

तालुक्यात घरोघर फिरताना आम्हाला एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. "ताई, पोरीला फेपरं येतंय म्हणून कुटं बोलू नका, सोयरीक मोडंल." ही आई अडाणी नाही. ती आपल्या समाजाला बरोबर ओळखून आहे. मग पुढचं सगळं ठरल्यासारखं घडतं. लग्न आजार लपवून होतं. सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून मुलगी गोळ्या बंद करते. रोजची गोळी एकदम बंद केली की झटके जोराने परततात. हळदीचं जागरण, उपास, दमणूक यांची भर पडते. महिन्याभरात सासरी झटका येतो आणि मुलगी फसवणुकीचा शिक्का घेऊन माहेरी येते. आजाराने लग्न मोडलं असं सगळे म्हणतात. खरं तर ते लपवण्याने मोडलं, आणि लपवायला आपण सगळ्यांनी भाग पाडलं.

मुलाला मिरगी असली तर? लग्न केलं की बरं होईल म्हणून त्याचं लग्न लावतात. मुलीला मिरगी असली तर तिला घरात कोंडतात. एकच आजार, दोन न्याय. स्त्रीदास्याचा इतिहास वाचलेल्या कार्यकर्त्याला हे दिसायलाच हवं.

कायदा मात्र मुलीच्या बाजूने सरकला आहे. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्पष्ट केलं की मिरगी हा असाध्य आजार नाही, मानसिक विकारही नाही आणि तेवढ्या कारणावर घटस्फोट मागता येणार नाही. हा निकाल आपल्या वस्तीतल्या किती बहिणींना माहीत आहे?

दुसरी अडचण मांत्रिकाची. झटका म्हणजे अंगात आलं, बाहेरचं लागलं, म्हणून देवरुषाकडे नेतात. चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, दोरखंडाने बांधून मारणं, हे सगळे भूत उतरवण्याच्या नावाखालचे प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहेत. ज्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर झटले आणि ज्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतरच निघाला, तोच हा कायदा. झटका आल्यावर चप्पल हुंगवण्याची रीत तर घराघरात आहे. ज्या कातड्याला हात लावला म्हणून आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं, त्याच कातड्याची चप्पल आजाऱ्याच्या नाकाशी धरायची आणि तिच्यात भूत पळवण्याची ताकद आहे म्हणायचं! चप्पल, कांदा, किल्ली यांनी काहीही होत नाही. झटका आपोआप थांबतो. माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घट्ट धरून ठेवू नका, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखाना गाठा.

तिसरी गोष्ट जातीच्या भूगोलाची. मिरगी कुणालाही होते. पण तिची काही कारणं टाळता येतात. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, मेंदूज्वर, डोक्याला मार लागणं, आणि फीतकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत गाठी होणं. हा फीतकृमी डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात येतो. पण मेंदूत गाठी करणारी अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि भाजीपाल्यात उतरतात. म्हणून मांस न खाणाऱ्यालाही ही मिरगी होते. डुकरं पाळणाऱ्या जातींना नावं ठेवून हात झटकता येत नाहीत. प्रश्न संडासाचा आहे, नळाच्या पाण्याचा आहे, वेळेवर मिळणाऱ्या दाईचा आणि ॲम्ब्युलन्सचा आहे. या सोयी गावकुसाच्या आत आधी पोहोचतात आणि बाहेर शेवटी. जात मेंदूपर्यंत अशी पोहोचते.

आणि औषध? गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा ती नसली की लातूरची फेरी. जायचं-यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी गोळीपेक्षा महाग पडते. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या कुटुंबाची चिठ्ठी गावातच राहते. उपचार सुटतात ते असे. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत मिरगीचं नाव नाही. म्हणजे झटक्यांमुळे काम सुटलं तर दिव्यांग म्हणून आधार मागायलाही सरळ दार नाही.

आपल्या घरातला प्रश्न

दुसऱ्यांना प्रश्न विचारताना आपल्याही पिटकात डोकावलं पाहिजे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. मगधात पाच रोग पसरले होते, त्यात ‘अपमार’ म्हणजे मिरगीही होती. लोक वैद्य जीवकाकडे उपचार मागत. पण जीवकावर राजाची आणि भिक्खूसंघाची जबाबदारी होती, बाकीच्यांसाठी वेळ नव्हता. म्हणून लोक उपचारापुरती प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे झाल्यावर चीवर सोडून जाऊ लागले. जीवकाने विनंती केली आणि या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला. आजही उपसंपदेच्या वेळी तो प्रश्न विचारला जातो.

हा नियम आणि मनूचा श्लोक एकच आहेत का? आमच्या मते नाहीत. मनूने कुळावर डाग ठेवला. विनयात कुळ नाही, पाप नाही, विटाळ नाही. एका वैद्यावर पडलेल्या भाराची ती व्यवस्था होती. त्याच विनयात अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी स्वतः आनंदासह आंघोळ घातली आणि जो माझी सेवा करू इच्छितो त्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश केला. पण कारण संपल्यावरही नियम जसाच्या तसा ठेवायचा का, हे विचारणं कालामसुत्त मानणाऱ्यांचं कर्तव्य आहे. आज गोळी आरोग्य केंद्रात मिळू शकते. रोज गोळी घेणारा तरुण श्रामणेर शिबिरात बसायला आला तर त्याला परत पाठवू नका, एवढं तरी आपण भन्तेजींशी बोलू शकतो.

मग करायचं काय?

पहिलं, आपल्या चळवळीत स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी आहे. त्याचा मसुदा जेव्हा जेव्हा चर्चेला येईल, तेव्हा त्यात आजाराची कोणतीही अशी अट शिरणार नाही, यावर आपली नजर हवी. १९७६ सारखं पुन्हा चालणार नाही.

दुसरं, बौद्ध वधू-वर मेळावे आपणच भरवतो. तिथल्या मंचावरून पाच मिनिटं मिरगीवर बोला. कायद्याने लग्नाला अडसर नाही, आजार सांगून लग्न करा, गोळ्या बंद करू नका, आणि गर्भधारणेआधी डॉक्टरांना विचारा, कारण व्हॅल्प्रोएटसारखं एखादं औषध पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतं. डॉक्टर वेळीच औषध बदलून देतात.

तिसरं, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिरगीची औषधं किती दिवस होती आणि किती दिवस नव्हती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. रेशनचा साठा तपासायला आपण शिकलो, तसा औषधाचा साठाही तपासू.

चौथं, नोव्हेंबरच्या १७ तारखेला देशात राष्ट्रीय अपस्मार दिन असतो आणि २६ मार्चला जगभर जांभळा दिवस. हा जांभळा दिवस २००८ मध्ये कॅनडातल्या नऊ वर्षांच्या कॅसिडी मेगन या मुलीने सुरू केला. तिला स्वतःला मिरगी आहे आणि आपण एकट्या नाही हे इतर मुलांना कळावं, एवढंच तिला वाटत होतं. २० मार्चला आपण चवदार तळ्याचा सत्याग्रह आठवतो. त्यानंतर सहाच दिवसांनी हा दिवस येतो. त्या आठवड्यात विहारात एक बैठक घ्या. ज्यांना मिरगी आहे त्यांना बोलवा आणि मुख्य म्हणजे त्यांना बोलू द्या.

बाबासाहेबांनी १९२४ मध्ये पहिली संस्था काढली, तिचं नाव बहिष्कृत हितकारिणी सभा. त्या नावातल्या ‘बहिष्कृत’ या शब्दात आज कोण कोण येतं, हे दर पिढीने नव्याने विचारायचं असतं. आपल्याच गल्लीतल्या, दाराआड ठेवलेल्या त्या मुलीचं नाव आपण त्यात घालणार आहोत की नाही, एवढाच प्रश्न आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!